जोर जाते कुठी?

आमच्या घराची आणि अन्सारभाईंच्या कारखान्याची भिंत एकच. वलगावात सकाळ झाली हे आम्हाला कोंबड्याच्या आधी हातोडा सांगायचा. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर, एक भट्टी, एक ऐरण आणि अंगणात लिंबाखाली टेकवून ठेवलेली लाकडी चाकं. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकावर लोखंडाची धाव चढवायचं काम अन्सारभाईंच्या घरात त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. धाव तापवून लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. वाफेचा एवढा लोट उठायचा की आमच्या स्वयंपाकघरातली चूल क्षणभर दिसायची नाही.

मग ते दिवस आले जेव्हा गावोगाव बैल बाजारात जायला लागले. वावरानं काही दिलं नाही की आधी बैल जायचे, आणि बैल गेले की बंडी गोठ्यात उभी राहायची. उभ्या बंडीला नवी धाव कोण चढवणार? वर्षातले बरेच दिवस अन्सारभाईंची भट्टी थंडच असायची. आणि मग एक गंमत झाली. गंमत म्हणू नये, पण झालं तसं. ज्या घरांतून पूर्वी चाकं दुरुस्तीला यायची, त्याच घरांतली माणसं चार चाकांचा हातठेला मागायला यायला लागली. कुणी अमरावतीत भाजी विकणार, कुणी केळी, कुणी उकडलेल्या शेंगा. भट्टी पुन्हा पेटली.

त्याच सुमारास धाव उचलताना अन्सारभाईंची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची मनाई केली. आठवडाभर भिंतीपलीकडे सामसूम होती. आठव्या दिवशी हातोडा पुन्हा वाजला, पण ठोका वेगळा होता. जरा हलका आणि मध्ये मध्ये थांबणारा. मी भिंतीवरून डोकावलो. अन्सारभाईंच्या पत्नी नसीमबानोभाभी ओढणी कमरेला खोचून ऐरणीपाशी उभ्या होत्या आणि अन्सारभाई खाटेवर पडल्या पडल्या सांगत होते, "तिरपं मार. तिरपं!"

नसीमभाभी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या. घरात त्यांची बोली उर्दू, पण आमच्याशी आणि गिऱ्हाइकाशी अस्सल वऱ्हाडी. त्यांना एक खोड होती. कुठलीही चालती वस्तू दिसली की हात लावून पाहायच्या. पिठाच्या गिरणीत गेल्या की दळण होईपर्यंत भिंतीला तळहात लावून उभ्या राहायच्या. ठेला तयार झाला की अंगणात दोन फेऱ्या मारायच्या आणि मग चाकाच्या तुंब्याला बोट लावायच्या. तुंबा म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यातून लोखंडी आस जाते. "गरम होते," त्या म्हणायच्या. "काहून होत असन?" अन्सारभाई म्हणायचे, "घासते म्हणून होते. वंगण घाल."

प्रश्न खरा आणला तो वच्छलाबाईंनी.

वच्छलाबाई आणि त्यांचा नवरा भगवंत हे वलगावच्या पलीकडच्या एका खेड्यातले. वावर दुसऱ्याला कसायला देऊन दोघं अमरावतीत खोली घेऊन राहिले होते. भगवंत एका गोदामावर राखणदारी करायचा आणि वच्छलाबाई ठेल्यावर संत्री विकायच्या. ठेला आमच्या भाभींनी केलेला. एक दिवस त्या चाकाची तार बदलायला ठेला टेम्पोत टाकून घेऊन आल्या आणि अंगणात पाय पसरून बसल्या.

"भाभी, हा ठेला माहा जीव खाते," त्या म्हणाल्या.

"जड लागते का?"

"जड तं लागतेच. पन मले एक सांगा. वाट सपाट हाय. मी सकायपासून लोटून राहिली. लोटनं काही थांबत नाई. मंग हा पयायला काहून लागत नाई? माह्या चालीनं चालते, बस. एवढा जोर मी लावतो, तो जाते कुठी?"

अन्सारभाई खाटेवरून हसले. "जोर थकून जाते, वच्छलाताई."

"जोर कसा थकन? थकतो तं मी!"

नसीमभाभी हसल्या नाहीत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. वच्छलाबाई गेल्यावर त्यांनी एक ठेला घेतला, त्यावर विटा टाकल्या आणि अंगणात लोटत राहिल्या. भिंतीपलीकडून मला चाकांची कुरकुर ऐकू येत होती. लोटताना कुरकुर, हात काढला की चार पावलांत थांबायचा. परत कुरकुर. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, वच्छलाबाईचं खरं हाय. मी लोटत राहिली तं तो वाढत नाई. आनि सोडला तं थांबून जाते."

त्यांची मुलगी गजाला तेव्हा अकरावीत सायन्सला होती. रोज अमरावतीला कॉलेज आणि कोचिंग क्लासला जायची. भाभींनी तिला विचारलं तेव्हा तिनं घडाघडा सांगितलं. वस्तूवर सगळ्या बाजूंनी लागणारे जोर एकमेकांच्या बरोबरीचे असले तर एकूण बल शून्य होतं. मग वस्तू थांबलेली असेल तर थांबलेलीच राहते, आणि चालत असेल तर त्याच वेगानं सरळ चालत राहते.

"थांब," भाभी म्हणाल्या. "पयलं समजलं. दोगं बी सारखेच ओढून राहिले तं दोरी हालत नाई. पन दुसरं काय बोलली तू? बल शून्य आनि चालत राहते?"

"हो अम्मी."

"शून्य असल्यावर चालनच कशी?"

गजालानं पुस्तक काढून ते पान दाखवलं. मग म्हणाली, "पुस्तकात तसंच हाय. मी पेपरात लिहिलं तं पूर्ण मार्क भेटले."

"मार्क भेटले ते चांगलं झालं. पन चालन कशी?"

त्या दिवसापासून मायलेकींचं हेच सुरू झालं. भाकरी थापताना, चाकाच्या तारा ओढताना, अन्सारभाईंच्या कमरेला तेल चोळताना. गजाला चिडायची, कारण तिला उत्तर येत होतं आणि तरी सांगता येत नव्हतं.

भाभींनी एका चाकाचा तुंबा उघडून पाहिला. आत वंगण काळं झालेलं, त्यात लोखंडाचा बारीक भुगा. त्यांनी तो चिमटीत घेऊन उन्हात धरला. "आस आनि तुंबा एकमेकांले खाऊन राहिले," त्या म्हणाल्या. "वच्छलाबाईचा जोर इथी जाते. ह्याच्याशी भांडण्यात."

मग त्यांनी अमरावतीहून छर्ऱ्यांचं बेरिंग आणलं, जुन्या तुंब्याऐवजी ते बसवलं, चाक लिंबाच्या फांदीला आसासकट टांगलं आणि हातानं एक फिरकी दिली. मला आठवतं, त्यांनी चहा मांडला, तो उकळला, गाळला, अन्सारभाईंना दिला, स्वतःचा कप घेऊन चाकासमोर बसल्या, आणि चाक फिरतच होतं. तारा दिसत नव्हत्या, नुसती चकाकी दिसत होती. भाभींचा चहा कपातच निवला.

चारही चाकांना बेरिंग घालून त्यांनी वच्छलाबाईंसाठी नवा ठेला केला. अंगणात तो एकदा ढकलला तर एकटाच निघाला आणि थेट आमच्या भिंतीवर येऊन धडकला. आमच्या घरातल्या फडताळातली भांडी हलली. पलीकडून भाभींचा आवाज आला, "भाऊ, लागलं तं नाई ना? पाहा, कोनी लोटत नवतं!" इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

वच्छलाबाई तो ठेला घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी निरोप आला की ठेला कसला, पाखरू आहे. मग पुढच्या आठवड्यात दुपारी भगवंत सायकल दामटत आला. घामानं निथळत होता. कारखान्याच्या दारातच त्यानं सायकल पाडली.

"तुमी ठेला केला का घोडा?" तो ओरडला.

झालं होतं ते असं. शहरातल्या रेल्वे पुलाचा उतार वच्छलाबाई रोज उतरायच्या. जुन्या ठेल्याच्या वेळी त्या एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं पदर सावरत, कुणाशी बोलत बोलत खाली यायच्या. नवा ठेला मात्र अर्ध्या उतारावर त्यांना ओढायला लागला. त्यांनी मागे जोर दिला, चपलेचा अंगठा तुटला, त्या घसरत गेल्या आणि शेवटी हात सुटला. नशिबानं खाली बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. ठेला त्यात घुसून थांबला. दुसऱ्या कुणाला लागलं नाही. संत्री उतारभर घरंगळली. वच्छलाबाईंचं मनगट मोडलं.

नसीमभाभींनी हातातलं काम टाकलं. त्याला पाणी दिलं, भट्टीवर राख ओढली आणि त्याच्याबरोबर निघाल्या.

वच्छलाबाई खोलीत खाटेवर बसल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये. भाभी समोर जमिनीवर बसल्या.

"जुना ठेला रडवत होता भाभी," वच्छलाबाई म्हणाल्या, "पन पाडत तं नवता."

हे वाक्य भाभींना लागलं. येताना त्यांना रडू आलं असं गजालानं मला नंतर सांगितलं. पण त्याच वाक्यात काहीतरी अडकलं होतं, तेही त्यांच्या लक्षात आलं. जुना ठेला त्याच उतारावर का पळत नव्हता? संत्री तेवढीच, उतार तोच. फरक फक्त तुंब्याचा. ज्या घासण्याला त्यांनी दुश्मन समजून काढून टाकलं, तेच उतारावर मागून धरून ठेवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत वच्छलाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुहा हात बरा होतवर ठेला मी लोटतो. तू बोलजो, मी लोटीन."

"तुमी? अन् कारखाना?"

"तिकडे अन्सार हाय. बसल्या बसल्या तारा बांधते तो."

"तुमाले संत्रा तरी वयखता येते का? गोड कोनता, आंबट कोनता?"

"नाई येत. शिकव."

इतके ठेले करणाऱ्या बाईनं ठेला घेऊन दिवस कधी काढला नव्हता. अन्सारभाईंना हे रुचलं नाही. कारखानदाराच्या घरच्या बाईनं भर बाजारात ठेला लोटावा, लोक काय म्हणतील, असं ते माझ्यापाशी बोलले. पण भाभींना अडवलं नाही. त्यांना ठाऊक होतं की ही नुसती भरपाई नाही. हिला काहीतरी पाहायचंय.

रोज सकाळी भाभी काळीपिवळी जीपनं अमरावतीला जायच्या. वच्छलाबाई पुढे चालत "गोड संत्रा, गोड संत्रा" ओरडायच्या आणि भाभी मागून लोटायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाभींच्या ध्यानात एक गोष्ट आली. पुलावर चढताना ठेला लोटावा लागतो, आणि नेटानं लोटला की तो एकसारखा चढतो. सपाटीवर नुसता हात लावला तरी एकसारखा चालतो. आणि उतारावर पाय रोवून मागे खेचत राहावं लागतं, तेव्हा तो एकसारखा उतरतो. तिन्ही ठिकाणी ठेल्याची चाल एकच होती, वच्छलाबाईंच्या पावलाएवढी. वेगळं होतं ते हातांचं काम.

उतारावर मध्येच त्यांनी प्रयोग सुरू केला. जरा जास्त खेचलं तर ठेला मंदावला. जरा सैल सोडलं तर पळायला लागला. या दोहोंच्या मध्ये एक जागा होती. तिथे ठेला जसा चालला होता तसाच चालत राहायचा, आणि दांडी हातात गप्प बसल्यासारखी वाटायची. भाभी पुन्हा वर गेल्या. पुन्हा खाली आल्या. मागून ऑटोवाले भोंगे वाजवायला लागले.

"अवो भाभी," वच्छलाबाई चांगला हात कपाळाला लावून ओरडल्या, "गिऱ्हाईक खाली हाय! वर कोनाले इकता?"

संध्याकाळी घरी येऊन भाभींनी चपला काढायच्या आधी गजालाला हाक मारली. मी अंगणात होतोच.

"गजाला, उतार ठेल्याले खाली ओढून राहिला होता. मी वर ओढून राहिली होती. दोगं बी सारखे. अन् ठेला चालत होता!"

गजालाच्या हातात पेन होतं. तिनं ते वहीवर ठेवलं. मग हळूहळू म्हणाली, "शून्य चालीचं नाई अम्मी. शून्य उरलेल्या जोराचं हाय. उतारानं ओढलं, तुमी धरलं, बाकी काही उरलं नाई. जोर उरला नाई तं चाल वाढत बी नाई अन् कमी बी होत नाई. जी हाय तीच राहते."

"चाल द्यायले जोर लागते."

"हो. थांबवायले बी लागते. पन राखायले..." गजाला थांबली. "राखायले फक्त बरोबरी लागते. कोनी अडवतच नसन तं काहीच लागत नाई." मग ती एकदम हसायला लागली. "मी हे गेल्या वर्षी लिहिलं होतं अम्मी. आज समजलं."

"मले बी आजच समजलं. तुले मार्क जास्त, एवढाच फरक," भाभी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

मग काम सुरू झालं. बेरिंग काढायचं नाही, असं भाभींनी ठरवलं. सपाटीवर वच्छलाबाईंचा जोर विनाकारण भुग्यात का जावा? घासणं हवं ते फक्त उतारावर, आणि हवं तेवढंच. त्यांनी बाभळीचे दोन गुटके, म्हणजे लाकडी ठोकळे, घेतले, त्यांना स्कूटरच्या जुन्या टायरचं रबर ठोकलं आणि मागच्या दोन चाकांपाशी ते असे बसवले की हातापाशी असलेली आटे पाडलेली, स्क्रूसारखी मूठ फिरवली की गुटके चाकांना दाबायचे. मूठ जितकी फिरवाल तितका दाब. पहिला गुटका उलटा बसला. दुसऱ्याचं रबर निघालं. अन्सारभाईंनी खाटेवरून सांगितलं की खिळे नको, रबर गुंडाळून पत्र्यानं आवळ. तेव्हा टिकलं.

वच्छलाबाईंचं प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी सकाळी, रहदारी नसताना, आम्ही सगळे त्या पुलावर गेलो. ठेल्यावर संत्र्यांचे क्रेट. गजाला खाली उतरून उभी राहिली, कुणी आडवं आलं तर ओरडायला. भाभींनी पहिल्यांदा मूठ जास्त आवळली. ठेला लोटला, दोन पावलं गेला आणि उतारावर तसाच उभा राहिला. मूठ थोडी सैल केली. आता तो सुटायला लागला, भाभींनी पटकन दांडी धरून थांबवला. वच्छलाबाईंनी डोळेच मिटून घेतले. भाभींनी मूठ पुन्हा जरा आवळली, अगदी कणभर. मग तळहातानं ठेल्याला एक हलका धक्का दिला आणि हात काढून घेतला.

ठेला चालायला लागला. भाभी त्याच्या बाजूनं चालत होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. दांडी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. ठेला पुढे पळाला नाही, मागे पडला नाही. बाजारात एखादी मैत्रीण सोबत चालावी तसा चालला होता.

"सोडलं?" वच्छलाबाई वरून ओरडल्या. "अवो, सोडलं का तुमी?"

"सोडलं!"

"मंग तो पयत काहून नाई?"

"पयायले जोर उरला नाई त्याच्यापाशी!"

खालून गजाला ओरडली, "अम्मी, आता जोरात धक्का देऊन पाहा! मूठ तशीच ठेवा!" ठेला परत वर नेला. या वेळी भाभींनी चांगला जोराचा धक्का दिला. ठेला भराभर निघाला, पण भराभर म्हणजे तेवढाच भराभर. भाभींना त्याच्या बाजूनं दुडक्या चालीनं धावावं लागलं, आणि तळाला येईपर्यंत त्यांची धाव तीच राहिली. शेवटी त्यांनी मूठ करकचून आवळली आणि तो थांबला. भाभी धापा टाकत होत्या. ओढणी घसरली होती. पुलाखालचा पानठेलेवाला सुपारी कातरायची थांबवून बघत होता.

वच्छलाबाई खाली आल्या. मूठ स्वतः फिरवून पाहिली, पुन्हा फिरवून पाहिली. भाभींनी त्यांना बजावलं, "हात काढायचा नाई बरं. हे आज पायण्यासाठी केलं. माल कमी झाला, रस्ता ओला झाला, तं मूठ परत लावावी लागन. हात दांडीवरच पायजे."

"अन् तुमी काढला तो?"

"मले पायचं होतं."

पुढच्या दोन-तीन वर्षांत अमरावतीच्या बाजारात असे बरेच ठेले दिसायला लागले. वच्छलाबाईंनीच गिऱ्हाइकं पाठवली. त्यांच्या ओळखीच्या मैनाबाई केळीवाल्या, त्यांच्या भावजया, आणखी कोण कोण. अन्सारभाई बसून गुटक्यांना रबर आवळायचे. कमरेचं दुखणं तसंच राहिलं, पण कारखान्यात पुन्हा ते मालकासारखे ओरडायला लागले, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. गजाला बीएस्सी झाली आणि अकोल्याला एका शाळेत शिकवायला लागली. भगवंत आणि वच्छलाबाई शहरातच राहिले. वावराकडे ते सणावारी जातात.

नसीमभाभींना एकदा शेंदूरजनाघाटहून बोलावणं आलं. तिथले बागवाले देवराव यांची संत्र्याची बाग चढउताराची, त्यांना बागेतून क्रेट खाली आणायला ठेला हवा होता. मीही सोबत गेलो. आंबिया बहाराचं फळ झाडावर होतं. फांद्या इतक्या लगडलेल्या की प्रत्येकीखाली बांबूचा टेकू. देवराव उताराविषयी सांगत होते आणि भाभी ऐकत नव्हत्या. त्या एका फांदीखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी दोन्ही तळहात फांदीला खालून लावले आणि हळूहळू वर रेटा दिला. आणखी थोडा दिला. बांबू सैल झाला, डुलला आणि आडवा होऊन गवतात पडला. फांदी जागची हलली नाही. भाभींचे दंड थरथरत होते.

"अवो बाई, फांदी मोडसान!" देवराव धावले.

"भाऊ," भाभी माझ्याकडे वळून म्हणाल्या, हात तसेच वर, "इकडे या. जरा हात लावून पाहा. हा बांबू एवढं धरून उभा होता!"

मी गेलो आणि त्यांच्या बाजूला हात लावला. देवरावांनी बांबू उचलला, पण तो लगेच लावला नाही. त्यांनीही एक हात फांदीखाली धरून पाहिला.